यंत्र बदललं, अक्षरं मागे राहिली

बदलापूर हे नाव कसं पडलं, याची एक गोष्ट आमच्या भागात सांगतात. जुन्या काळी या वाटेनं जाणारे स्वार इथे थांबायचे, दमलेले घोडे सोडायचे आणि ताज्या दमाचे घ्यायचे. घोडे बदलायचं गाव, म्हणून बदलापूर. ही लोककथा आहे, पुरावा नव्हे. पण मला ती आवडते. घोडा बदलताना खरी खटपट घोड्याची नसते, त्याच्या पाठीवरच्या ओझ्याची असते. ते सोडायचं, दुसऱ्या पाठीवर बांधायचं आणि काही खाली पडलं नाही ना, ते पाहायचं.

गेल्या तीस-पस्तीस वर्षांत उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातल्या छापखानेवाल्यांनी आणि डीटीपीवाल्यांनी असेच तीन-चार वेळा घोडे बदलले. मी त्यांतलाच एक. १९९७ साली अंबरनाथला स्टेशनजवळच्या एका डीटीपी सेंटरात ऑपरेटर म्हणून लागलो आणि अजून त्याच धंद्यात आहे. डॉस गेलं, विंडोज आलं. काहींनी मॅक घेतला, काहींनी लिनक्स करून पाहिलं. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे संगणकाला जागं करणारी आणि पडदा, कळफलक, प्रिंटर यांना आपल्याशी जोडून देणारी मूळ प्रणाली. ती बदलली की चित्रं बहुधा बरोबर येतात. मराठी अक्षरं मात्र मागे राहतात. असं का झालं, त्याची ही हकिगत.

आधी या तीन गावांविषयी थोडं. उल्हासनगर हे फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांचं शहर. कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकींत ही माणसं राहिली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी तेव्हाचे गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते पायाभरणी झाली आणि कल्याण कॅम्पचं उल्हासनगर झालं. पत्ता सांगताना लोक आजही ‘कॅम्प नंबर तीन’, ‘कॅम्प नंबर पाच’ असंच सांगतात. इथलं छपाईचं काम व्यापाराचं: लेबलं, टॅग, खोकी, बिलबुकं. अंबरनाथ कारखान्यांचं गाव. तिथे चलनं, गेटपास, युनियनची पत्रकं आणि महाशिवरात्रीच्या यात्रेचे फलक. बदलापूरकडे लग्नपत्रिका, वाचनालयांचे अहवाल, स्मरणिका, लहान दिवाळी अंक. म्हणजे अस्सल मराठी मजकुराचं काम जास्त करून बदलापूरचं, आणि म्हणून सगळ्यात जास्त हालही बदलापूरकरांच्या कामाचेच झाले.

संगणकाआधी हे सगळं खिळ्यांवर चालायचं. कंपोझिटर डाव्या हातात स्टिक धरून उजव्या हातानं केसमधले खिळे वेचायचा. इंग्रजीचं काम थोड्या खणांत भागतं. मराठीला जोडाक्षरं, अर्धी अक्षरं, काना, मात्रा, रफार, उकार असा मोठा संसार. त्यामुळे अक्षर उच्चाराप्रमाणे नाही, तर दिसतं त्याप्रमाणे तुकड्यातुकड्यांनी जुळवायचं. ‘कि’ म्हणताना आपण आधी क म्हणतो, पण वेलांटीचा खिळा मात्र आधी बसायचा. ही गोष्ट लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचं पहिलं मोठं काम कानपूरच्या आयआयटीत झालं. मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं ते तंत्र पुढे ‘जिस्ट’ या नावानं १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलं. डॉसवर चालणाऱ्या संगणकात जिस्टचं कार्ड बसवलं की पडद्यावर मराठी उमटायचं. कळफलकाची मांडणी ‘इनस्क्रिप्ट’ आणि मजकूर साठवण्याची पद्धत ‘इस्की’. तिला १९९१ साली भारतीय मानक म्हणून मान्यता मिळाली. या पद्धतीत प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक होता. क म्हणजे क, मग तो कोणत्याही वळणात छापा. वेलांटी क नंतरच साठवायची. पडद्यावर ती आधी दाखवायचं काम यंत्राचं. म्हणजे शहाणपण आपल्याकडे सुरुवातीलाच होतं. नंतर आम्ही ते सोडून दिलं आणि वीस वर्षांनी परत शिकलो.

का सोडलं? कारण डॉसवर याद्या, हिशेब, पत्रं छान व्हायची. पण लग्नपत्रिका देखणी कशी होणार? पान मांडायचं, अक्षर लहानमोठं करायचं, गणपतीच्या चित्राभोवती मजकूर वळवायचा, हे काम दुसरीकडे चाललं होतं. १९८५ साली अमेरिकेत ॲपलच्या मॅकिंटॉशवर पेजमेकर हे सॉफ्टवेअर आलं. त्याच वर्षी आलेल्या लेझर प्रिंटरबरोबर त्यानं टेबलावरचा छापखाना उभा केला. त्यालाच डीटीपी म्हणतात. आमच्या भागात मॅक परवडणारा नव्हता. आम्हाला ही वाट उघडली ती विंडोजनं. १९९२ च्या विंडोज ३.१ मध्ये ट्रूटाइप फॉन्टची सोय आली आणि फॉन्ट करणं लहान कंपन्यांच्याही आवाक्यात आलं. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, बंगळुरूच्या सायबरस्केपची आकृती, सी-डॅकचे सुरेख आणि योगेश, शिवाय कृतिदेव, शिवाजी, किरण अशी नावं प्रत्येक ऑपरेटरच्या तोंडी झाली. लॅमिंग्टन रोडवरून जुळवून आणलेला संगणक, पेजमेकर, कोरलड्रॉ आणि यांतला एखादा फॉन्टसंच एवढ्यावर दुकान उभं राहायचं. पान लेझर प्रिंटरवर ट्रेसिंग पेपरवर काढायचं, त्यावरून प्लेट करून ऑफसेटवर छापायचं.

या फॉन्टमध्ये एक लबाडी होती. वाईट हेतूची नव्हे, गरजेची. तेव्हाच्या विंडोजला मराठी ठाऊकच नव्हतं. मग फॉन्ट करणाऱ्यांनी इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवले. कृतिदेवमध्ये ‘मराठी’ टाइप केलं, तर पडद्यावर मराठी दिसतं. पण संगणकाच्या पोटात ई, जे, के, बी, एच ही इंग्रजी अक्षरं साठतात. म साठी ई, र साठी जे, काना म्हणजे के, ठ साठी मोठा बी आणि दीर्घ वेलांटी एच. ‘किरण’ लिहायचं तर आधी एफ, म्हणजे पहिली वेलांटी, मग डी म्हणजे क, मग जे. ण साठी आधी टिंब आणि मग काना. संगणकाच्या पोटात पुन्हा खिळ्यांचीच केस तयार झाली होती. टाइपरायटर शिकून आलेल्या मुलांना ती लगेच जमली, कारण मराठी टाइपरायटरचं तंत्रही हेच होतं.

त्यात प्रत्येक कंपनीच्या केसमधले खण वेगळे. एकीच्या ज्या खणात म, त्याच खणात दुसरीचा द्य. श्रीलिपीतला मजकूर आकृतीत उघडला की वाचता येत नाही, आकृतीतला कृतिदेवमध्ये नाही. फॉन्ट काढून घेतला, तर हाती उरते ती इंग्रजी अक्षरांची खिचडी. तेव्हा आम्हाला त्याचं काहीच वाटत नव्हतं. काम कागदावर जायचं. कागद हातात पडला, पैसे मिळाले, फाईलचं काय करायचंय?

मॅकचा प्रश्न याच्याही पुढचा. मुंबईच्या जाहिरात संस्थांत मॅक होते. कधी एखाद्या बिल्डरच्या माहितीपत्रकाचं काम तिकडे तयार होऊन झिप डिस्कवर बदलापूरला यायचं. लोकलनं तासाभराहून जास्त प्रवास करून आलेली डिस्क लावली की चित्रं उघडायची, नकाशा उघडायचा, मराठी मजकुरात मात्र मधली मधली अक्षरं भलतीच. कारण साधं होतं. त्या काळी एका फॉन्टला २५६ खण. पहिले १२८ खण सगळीकडे एका क्रमानं लावलेले. वरचे १२८ ॲपलनं एका क्रमानं लावले आणि मायक्रोसॉफ्टनं दुसऱ्या. इंग्रजीवाल्यांचं वरच्या खणांत फारसं काही नसतं: एखादं चलनाचं चिन्ह, एखादं फ्रेंच अक्षर. आमची जोडाक्षरं, रफार, अर्धी अक्षरं नेमकी तिथेच राहायला. त्यामुळे ‘घर’ नीट यायचं आणि ‘प्रशस्त’ बिघडायचं. बिल्डरच्या माहितीपत्रकात ‘प्रशस्त’ नसेल असं पान क्वचितच!

यावर धंद्यानं शोधलेला तोडगा म्हणजे तीन शब्द: ‘कर्व्ह करून पाठवा.’ कोरलड्रॉमध्ये मजकूर निवडायचा आणि त्याचं रेषांमध्ये रूपांतर करायचं. मग ती अक्षरं राहत नाहीत, अक्षरांच्या आकाराची चित्रं होतात. समोरच्या यंत्रावर फॉन्ट असो वा नसो, विंडोज असो वा मॅक, पान जसंच्या तसं उघडतं. उल्हासनगरचा लेबलवाला, कल्याणचा प्लेटवाला आणि पुढे २००० नंतर आलेला फ्लेक्सवाला, सगळे हेच सांगायचे. दुकानाच्या भिंतीवर पाटी असायची, ‘फाईल कर्व्ह केलेली असावी’. आम्ही इमानेइतबारे पाळलं. आमचे बोर्ड रंगवणारे पेंटर जे हातानं करायचे, तेच आम्ही संगणकावर करू लागलो: अक्षर लिहीत नव्हतो, काढत होतो. त्यात चुकलेली वेलांटी नंतर दुरुस्त करता येत नाही, एखादं नाव शोधता येत नाही, मजकूर उचलून दुसरीकडे नेता येत नाही. पण ग्राहकाला पान मिळायचं.

२००१ साली बदलापूरच्या एका वाचनालयाची सुवर्णमहोत्सवी स्मरणिका माझ्याकडे आली. गावातल्या जुन्या मंडळींनी आपल्या आठवणी लिहून दिल्या होत्या. कुणी वीज नव्हती तेव्हाच्या बाजाराबद्दल, कुणी उल्हास नदीवरच्या पोहण्याबद्दल, कुणी गाडी चुकली की अंबरनाथपासून रुळांच्या कडेनं चालत यायचं त्याबद्दल. बऱ्याच जणांनी आयुष्यात त्याआधी किंवा त्यानंतर काही लिहिलं नसेल. पेजमेकरमध्ये एका कंपनीचा फॉन्ट वापरून मी ती जुळवली. पाचशे प्रती छापल्या.

२६ जुलै २००५ चा पाऊस मुंबईकरांना मिठी नदीमुळे आठवतो. आम्हाला तो उल्हासमुळे आठवतो. नदी बदलापुरात शिरली आणि तळमजल्यावरची घरं, दुकानं, कपाटं पाण्यात गेली. वाचनालयानं जपून ठेवलेल्या स्मरणिकेच्या प्रती खालच्या कपाटात होत्या. पाणी ओसरल्यावर त्यांच्या विटा झाल्या होत्या. माझं दुकान पहिल्या मजल्यावर, म्हणून सीडी वाचली. सगळ्यांना हायसं वाटलं, फाईल आहे ना, मग झालं. मलाही तसंच वाटलं.

इकडे मोठी उलथापालथ आधीच सुरू झाली होती. जगातल्या सगळ्या लिप्यांना एकाच यादीत क्रमांक देणारं ‘युनिकोड’ हे मानक १९९१ मध्ये आलं होतं. त्यातली देवनागरीची मांडणी आपल्या इस्कीवरूनच घेतलेली. म्हणजे जे शहाणपण आम्ही डॉसबरोबर टाकून दिलं, ते जगभर फिरून परत आलं. विंडोज २००० मध्ये पहिल्यांदा देवनागरीची व्यवस्था आली आणि तिच्याबरोबर ‘मंगल’ हा फॉन्ट. तो घडवणारे र. कृ. जोशी हे आपले मराठी सुलेखनकार. त्यांनी जे. जे. मध्ये शिक्षण घेतलं, जाहिरात क्षेत्रात काम केलं, मुंबई आयआयटीच्या आयडीसीत शिकवलं आणि नंतर संगणकावरच्या भारतीय अक्षरांना वाहून घेतलं. २००८ साली ते गेले. मंगलमधला ल आणि श हिंदी वळणाचा, म्हणून मराठी वाचकांनी नाकं मुरडली. मीही मुरडलं. आपला पाकळीचा ल आणि देठाचा श दिसला नाही की पान परकं वाटतं. पण त्या एका फॉन्टनं लाखो संगणकांना पहिल्यांदा मराठी वाचता आलं, हे मान्य केलंच पाहिजे.

युनिकोडच्या यादीत सगळं सुरुवातीपासून होतं असं मात्र नाही. ‘ॲ’ हे अक्षर स्वतंत्रपणे दाखल झालं ते २००८ मध्ये. तोवर ‘ॲसिड’ लिहायला अ वर चंद्र बसवण्याची कसरत. उल्हासनगरच्या सिंधी मंडळींचं दुखणं याहून जुनं. १९६७ साली सिंधीला राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत जागा मिळाली. ती अरबी वळणाच्या लिपीत लिहितात आणि देवनागरीतही. देवनागरीत लिहायची तर ग, ज, ड, ब यांची खाली रेघ असलेली चार अक्षरं लागतात: ॻ, ॼ, ॾ, ॿ. आत ओढून उच्चारायचे हे ध्वनी मराठीत नाहीत. ही चार अक्षरं युनिकोडमध्ये आली २००६ साली. त्याआधी खाली रेघ ओढून वेळ मारून न्यावी लागे. कॅम्पातले एक वयस्क गृहस्थ माझ्याकडे नातवाच्या मुंजीची, म्हणजे त्यांच्या जनेऊची, पत्रिका करायला आले होते. रेघ मी कोरलमध्ये काढून दिली. ते म्हणाले, “बेटा, रेघ नको, अक्षर दे.” माझ्याकडे अक्षर नव्हतं.

ऑपरेटिंग सिस्टीमला मराठी कळू लागलं तरी आमची दुकानं युनिकोडवर का गेली नाहीत, हा प्रश्न मला मुलं विचारतात. उत्तर पेजमेकरमध्ये आहे. त्याची शेवटची, सातवी आवृत्ती २००१ ची. २००४ मध्ये ॲडोबीनं त्याचा विकास थांबवला. त्याला युनिकोड कधीच आलं नाही. त्याच्या जागी आलेल्या इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्या नीट जुळवण्याची सोय मूळ आवृत्तीत आली ती २०१२ मध्ये. म्हणजे विंडोज २००० पासून मोजलं तर बारा वर्षं अशी गेली, की यंत्राला मराठी येत होतं आणि पानं मांडणाऱ्या सॉफ्टवेअरला येत नव्हतं. ती बारा वर्षं आम्ही पेजमेकर धरून बसलो. मॅकवाल्यांचं आणखी वेगळं. पेजमेकर त्यांच्या नव्या ओएस एक्स प्रणालीसाठी कधी तयारच झालं नाही. ते जुन्या प्रणालीच्या आत चालवावं लागे आणि २००७ च्या आवृत्तीत ती सोयही संपली. विंडोजसाठी केलेले देवनागरी युनिकोड फॉन्ट मॅकवर नीट जुळू लागले ते २०११ पासून.

याच काळात मी लिनक्सचा नाद केला. २००६ साली उबुंटूच्या सीडी टपालानं घरपोच, फुकट मिळायच्या. रेड हॅट कंपनीनं ‘लोहित’ हे फॉन्ट २००४ मध्ये मुक्त परवान्याखाली दिले होते. ते मुळात पुण्याच्या मॉड्युलरनं केलेले. लोहित म्हणजे तांबडा, हे नाव मला फार आवडलं.  इंकस्केप नावाच्या चित्रकामाच्या सॉफ्टवेअरमध्ये मी ‘श्री गणेशाय नमः’ लिहिलं आणि ते बरोबर उमटलं. कसला डोंगल नाही, खण नाही, कर्व्ह करायला नको. जे कोरलला जमत नव्हतं, ते फुकटच्या सॉफ्टवेअरला जमत होतं. मी एक यंत्र सहा महिने त्याच्यावर चालवलं.

आणि परत विंडोजवर आलो. कारण छपाईला चार शाया लागतात: निळी, गुलाबी, पिवळी, काळी. प्लेटवाल्याला फाईल या चार रंगांत विभागून हवी. इंकस्केप आणि गिंप ही दोन्ही सॉफ्टवेअर पडद्याच्या तीन रंगांत विचार करणारी. चार रंग कळणारं लिनक्सवरचं सॉफ्टवेअर म्हणजे स्क्रायबस. ते पेजमेकरसारखं पानं मांडतं, पण त्याला मराठी जोडाक्षरं जुळवता येत नव्हती. एकाला अक्षरं कळायची, शाई नाही. दुसऱ्याला शाई कळायची, अक्षरं नाहीत. शिवाय ग्राहक विचारायचा, “सीडीआर फाईल द्याल ना?” सीडीआर म्हणजे कोरलची फाईल. आमच्या भागात ती रुपयासारखी चालते. गावात सगळे एका चलनात व्यवहार करत असताना एकट्यानं दुसरं चलन खिशात ठेवून भागत नाही.

स्क्रायबसला भारतीय लिप्या जमू लागल्या २०१७ मध्ये, तेही चाचणीच्या आवृत्तीत. त्यानंतर दोनच वर्षांत केरळमध्ये जे घडलं, ते ऐकून मी खुर्चीत सरसावून बसलो. ‘जनयुगम’ या मल्याळी दैनिकानं २०१९ मध्ये आपली सगळी पानं लिनक्सवर, स्क्रायबस आणि गिंप वापरून करायला सुरुवात केली. एक आख्खं रोजचं वर्तमानपत्र! त्यांना ते जमलं, कारण मल्याळम संगणनासाठी झटणारे तरुण कार्यकर्ते तिथे वर्षानुवर्षं काम करत होते. त्यांनी फॉन्ट केले, जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणायची साधनं केली, ऑपरेटरांना शेजारी बसून शिकवलं. आमच्या एका दुकानानं एकट्यानं जे करायला घेतलं होतं, ते तिथे सगळ्यांनी मिळून केलं. फरक तेवढाच होता, आणि तो फार मोठा होता.

आपल्याकडेही मधल्या काळात चांगलं घडलं. मुंबईच्या एक टाइप या गटानं केलेले मुक्ता आणि बलू हे फॉन्ट गूगलवरून कुणालाही फुकट घेता येतात. आजच्या लग्नपत्रिकांवर आणि फलकांवर बलूचं गुबगुबीत अक्षर ओळखू येतं. नव्यानं धंद्यात येणाऱ्या मुलाला आता कृतिदेव शिकायची गरज नाही. जुन्या माणसाच्या पाठीवर मात्र वीस वर्षांचं ओझं आहे.

ते ओझं मला २०२२ साली उचलावं लागलं. वाचनालयानं स्मरणिका पुन्हा काढायची ठरवली. मी आनंदानं सीडी काढली. सीडी वाचली गेली, हेही नशीब. पेजमेकरची फाईल नव्या संगणकावर उघडेना. पेजमेकर चालवण्यासाठी माळ्यावरचा विंडोज ९८ चा संगणक खाली आणला. त्याचा पॉवर सप्लाय बदलला. मग लक्षात आलं की फॉन्टच्या सॉफ्टवेअरला डोंगल लागतो. डोंगल म्हणजे संगणकाच्या मागे खोचायचं कुलूप. ते असल्याशिवाय सॉफ्टवेअर सुरू होत नाही. तो मिळाला एका ड्रॉवरमध्ये, रबरबँडनं बांधलेला. तो जुन्या प्रिंटर पोर्टचा. नव्या संगणकांना ते पोर्टच नसतं, म्हणजे हा डोंगल फक्त त्याच म्हाताऱ्या यंत्रावर चालणार. पाने उघडली तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते. मजकूर काढून घेतला, पण त्या यंत्राला पेन ड्राइव्ह ओळखता येईना. शेवटी हार्ड डिस्कच बाहेर काढून केबलनं नव्या संगणकाला जोडली.

अंबरनाथच्या शिवमंदिरावर शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख आहे. अभ्यासकांनी तो वाचून काढला. दगडावर निदान अक्षर अक्षरासारखं असतं. माझ्या एकवीस वर्षांपूर्वीच्या मजकुरात म च्या जागी भलतंच इंग्रजी अक्षर होतं. रूपांतर करणारी प्रोग्राम असतात. खणाखणाची यादी लावून ती अक्षरं बदलतात, आणि वेलांटी उचलून व्यंजनाच्या मागे नेऊन ठेवतात. तिथेच घोटाळे होतात. ‘स्थिती’सारख्या शब्दात वेलांटी अर्ध्या स वरून उडी मारून थ च्या मागे जायला हवी, ती मध्येच बसते. रफार चुकीच्या अक्षरावर चढतो. ‘तऱ्हा’ आणि ‘दऱ्या’ यांतला र तर हमखास नाहीसा होतो. एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी सगळा मजकूर तपासला. एका सभासदाकडे पुरातून वाचलेली अर्धी प्रत होती. चाळीस पानांपर्यंत तिच्याशी ताडून पाहता आलं. पुढचं बाईंनी अंदाजानं आणि लिहिणाऱ्यांच्या घरी फोन करून लावलं. बरेच जण आता नव्हते, त्यांच्या मुलांनी सांगितलं.

दुकानात आता पुन्हा तीच वेळ आली आहे. विंडोज १० ची नियमित देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. माझ्या दोन यंत्रांवर विंडोज ११ बसत नाही. एकावर लिनक्स टाकलं आहे, या वेळी स्क्रायबससकट. दुसऱ्याचं काय करायचं, ते दिवाळीची कामं उरकली की बघू असं म्हणत पुढे ढकलतो आहे. विंडोज ९८ चं यंत्र मात्र परत माळ्यावर टाकलेलं नाही.

स्मरणिकेतलं एक पान सांगायचं राहिलं. संस्थापक सभासदांची यादी मी २००१ साली कोरलमध्ये, वेलबुट्टीच्या चौकटीत केली होती आणि शिस्तीप्रमाणे कर्व्ह करून ठेवली होती. ती फाईल नव्या संगणकावर पहिल्या झटक्यात उघडली. एक रेघ हललेली नाही, एक वेलांटी बिघडलेली नाही. त्यात एकही अक्षर नव्हतं. ती यादी मी शेजारी उघडी ठेवली आणि एकेक नाव वाचत पुन्हा टाइप केली. त्र्याहत्तर नावं होती.